सर्व्हिस पिस्तूल अडकते तेव्हा दोष नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा: पोलीस युनिटकडे ९ मिमीची, पॉलिमर (कठीण प्लास्टिक) फ्रेमची, म्हणजे मुठीच्या सांगाड्याची, आणि स्ट्रायकरवर (स्प्रिंगने झेपावणाऱ्या आतल्या सुईवर) चालणारी पिस्तुले आहेत, म्हणजे ग्लॉक १७ च्या जातकुळीतली. सरावात चार-पाच जणांच्या हातात ती पुन्हा पुन्हा अडकतात, पण तेच पिस्तूल प्रशिक्षकाने घेतले की नीट चालते. तर पिस्तुले बदलून मागावीत का? शिवाय पिस्तूल खाली (रिकामे) करताना एक-दोनदा चुकून गोळी सुटली आहे, म्हणून ट्रिगर जड करून घ्यावा का?

दोन्हींचे उत्तर आत्ता तरी 'नाही' असेच आहे.

'प्रशिक्षकाच्या हातात चालते' या वाक्यावरून बहुतेक जण लगेच शिपायाच्या पकडीला दोष देऊन मोकळे होतात. आधी एक विचारा: प्रशिक्षकाने झाडले तेव्हा मॅगझिन (मुठीत सरकवायची काडतुसांची डबी) कोणते होते? तो सहसा आपल्या पाउचमधले मॅगझिन लावतो, आणि काडतुसेही नवीन खोक्यातली भरतो. म्हणजे हात, मॅगझिन आणि काडतुसे, तिन्ही एकदम बदलले. मग पिस्तूल चालले यावरून काहीच सिद्ध होत नाही. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेच मॅगझिन, तीच काडतुसे, फक्त हात दुसरा. मग तोच हात, फक्त मॅगझिन दुसरे. प्रत्येक फेरीला दोन-तीन मॅगझिने झाडली तरी अर्ध्या दिवसात बरेचसे कोडे सुटते.

दुसरी चूक अशी की पिस्तूल अडकले की पुरावा पुसला जातो. शिपाई शिकवल्याप्रमाणे मॅगझिनला खालून थाप मारतो, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढतो, पुढची गोळी झाडतो. चकमकीत हेच बरोबर आहे. पण बिघाड शोधण्यासाठी झाडत असाल तेव्हा थांबा. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, नळी टार्गेटकडे, आणि स्लाइडची खिडकी (रिकामी पुंगळी बाहेर पडते ती जागा) डोळ्यांनी बघा. तिथे काय अडकले आहे, कोणत्या बाजूला तोंड करून, स्लाइड किती उघडी आहे, मॅगझिनमध्ये किती काडतुसे उरली आहेत, हे लिहून घ्या. शक्य असेल तर मोबाइलवर फोटो काढा, मात्र तो मागे उभ्या असलेल्या माणसाने काढायचा, पिस्तूल धरणाऱ्याने नाही.

ही खूण वाचता यायची तर यंत्र कसे फिरते ते नीट माहीत हवे. काडतूस पेटले की एका मिलिसेकंदाच्या आत गोळी नळीबाहेर पडते. सुरुवातीला नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात आणि बरोबरच मागे सरकतात. सुमारे ३ मिलिमीटर गेल्यावर नळीचे मागचे टोक खाली झुकते, कुलूप सुटते, नळी तिथेच थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टरचे नख पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेतून, ओढून आणते. फ्रेमवर बसवलेल्या इजेक्टरवर पुंगळीचे बूड आपटते आणि ती खिडकीतून उजवीकडे उडते. मग रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. वाटेत ती मॅगझिनमधले वरचे काडतूस पुढे रेटते, ते चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून आत शिरते, त्याची कड खालून वर सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली बसते, नळी पुन्हा वर उचलली जाते आणि कुलूप लागते. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात होते. पिस्तूल अडकते ते यातल्या कुठल्यातरी एका पायरीवर, आणि खिडकीतले दृश्य ती पायरी सांगते.

रिकामी पुंगळी खिडकीत धुराड्यासारखी उभी अडकली असेल, तर ती चेंबरमधून निघाली होती पण पुरेशा जोराने बाहेर फेकली गेली नाही. कारण बहुधा स्लाइडचा वेग कमी पडणे हे असते. इथे पकडीचा संशय रास्त आहे. स्लाइड मागे जाते ती फ्रेमच्या मानाने. फ्रेम हाताने घट्ट रोखलेली असेल तर सगळी ऊर्जा स्लाइडच्या वाट्याला येते. मनगट सैल असेल तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे आणि वर जाते, दोघींतला फरक कमी पडतो आणि स्लाइड पूर्ण मागे न जाताच परत फिरते. पॉलिमर फ्रेम वजनाला हलकी, त्यामुळे पूर्ण पोलादी पिस्तुलापेक्षा ती हे लाड कमी सहन करते. भरलेल्या मॅगझिनचे वजनही फ्रेमला मदत करते. ९ मिमीचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे, म्हणजे १७ काडतुसे २०० ग्रॅमच्या वर झाली. रिकामे पिस्तूलच मुळी सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा हा हिस्सा लहान नाही. म्हणून सैल पकडीमुळे होणारी अडचण बहुधा मॅगझिन रिकामे होत आल्यावर जास्त दिसते. उरलेल्या काडतुसांची संख्या लिहून ठेवायला सांगितले ते यासाठीच.

पकड सुधारायला 'जोरात धर' एवढे सांगून भागत नाही, उलट हात थरथरतो. हाताचा पंजा ग्रिपच्या मागच्या बाजूला जितका वर जाईल तितका वर न्यायचा, म्हणजे नळीची रेषा आणि मनगट यांतले अंतर कमी होते. दुसऱ्या हाताचा तळवा ग्रिपच्या मोकळ्या राहिलेल्या बाजूवर पूर्ण टेकवायचा, त्याचे मनगट पुढे झुकवून कुलूप लावल्यासारखे ताठ करायचे. लहान पंजाच्या व्यक्तीला मागची जाड पट्टी काढून छोटी लावून द्या. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपासून आणि आता बहुतेक सर्व्हिस पिस्तुलांत ही सोय असते, पण कित्येक शस्त्रागारांत त्या पट्ट्या खोक्यातून बाहेरच निघालेल्या नसतात. ग्रिप हातात बसत नसेल तर शिपाई पिस्तूल तिरके धरून ट्रिगरपर्यंत पोहोचतो आणि मग मनगट नळीच्या मागे राहतच नाही.

हाताचा आणखी एक दोष लोकांच्या लक्षात येत नाही. शेवटची गोळी गेल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी. ती राहत नसेल तर मॅगझिनच्या स्प्रिंगला दोष देण्याआधी अंगठा बघा. वर चढवलेल्या पकडीत अंगठा नेमका स्लाइड स्टॉपच्या दांडीवर विसावतो आणि ती वर येऊ देत नाही. उलटही होते: झटक्यात अंगठ्याने दांडी खालून ढकलली जाते आणि मॅगझिनमध्ये काडतुसे असतानाच स्लाइड मागे अडकते. मोठ्या पंजाच्या लोकांत हे जास्त. यात पिस्तुलाचा काहीच दोष नसतो.

आता मॅगझिन. माझ्या मते सर्व्हिस पिस्तुलाचा सर्वांत नाजूक भाग हाच, आणि त्याची सर्वांत कमी निगा राखली जाते. पिस्तुलाला नग क्रमांक असतो, रजिस्टर असते. मॅगझिने मात्र सगळी एका पेटीत टाकलेली. पहिले काम म्हणजे प्रत्येक मॅगझिनवर पक्क्या रंगाने क्रमांक घालायचा. एखादे मॅगझिन दोन वेगवेगळ्या पिस्तुलांत अडकले की ते ड्युटीतून बाहेर. तेच पिस्तूल तीन वेगवेगळ्या मॅगझिनांवर अडकले तर मात्र पिस्तुलाकडे वळायचे. एवढ्या एका सवयीने निम्मे वाद मिटतात.

मॅगझिनमध्ये बिघडते काय? वरच्या ओठांचा आकार. हे दोन ओठ काडतुसाला ठरावीक कोनात धरतात आणि ठरावीक क्षणी सोडतात. भरलेले मॅगझिन सिमेंटच्या फरशीवर ओठांवर पडले की ते किंचित फाकतात किंवा चिरतात. मग काडतूस लवकर सुटते, त्याचे नाक वर उडते आणि ते चेंबरच्या वरच्या कडेला धडकते. ओठ आत दबले असतील तर काडतूस उशिरा सुटते आणि नाक उतारावरच रुतते. ग्लॉकच्या मॅगझिनला आत पोलादी अस्तर आणि वर पॉलिमर असते, त्यामुळे ती बाहेरून धडधाकट दिसतात. तडा बहुधा मागच्या कोपऱ्यात असतो. तिथे बोटाने चाचपा आणि उजेडात धरून बघा.

दुसरी गोष्ट स्प्रिंग. भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग कमजोर होते म्हणून रोज रात्री सगळी काडतुसे काढून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही. ती थकते वारंवार दाबल्या-सोडल्याने. म्हणजे जी काळजी म्हणून घेतली जाते, तीच झीज वाढवते. कमजोर स्प्रिंगची खूण अशी: स्लाइड पुढे येते तेव्हा वरचे काडतूस अजून पुरते वर आलेले नसते, स्लाइड त्याच्यावरून निघून जाते आणि चेंबर रिकामे राहते. किंवा शेवटच्या दोन-तीन काडतुसांनाच त्रास होतो, कारण तेव्हा स्प्रिंग सर्वांत सैल असते. एका नव्या स्प्रिंगशेजारी जुनी उभी करून बघा. दोन-तीन वेटोळ्यांइतकी आखूड झाली असेल तर बदला.

मॅगझिनमध्ये तेल घालायचे नाही. कोरड्या कापडाने आतून पुसायचे, बस्स. तेलाला धूळ चिकटते, आणि तेच तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरपर्यंत (ठिणगी देणाऱ्या टिकलीपर्यंत) पोहोचले तर काडतूस न पेटण्याची शक्यता निर्माण होते.

आणि मॅगझिन बसते तरी आहे का नीट? स्लाइड बंद असताना पूर्ण भरलेले, १७ काडतुसांचे मॅगझिन आत ढकलायला बराच जोर लागतो, कारण वरचे काडतूस स्लाइडच्या खालच्या बाजूवर दाबले जाते. हलक्या हाताने लावले तर आवाज येतो पण खाच अडकत नाही. पहिली गोळी चेंबरमधली असते, ती झडते. दुसऱ्या वेळी फक्त 'टक्'. बघितले तर मॅगझिन अर्धा सेंटिमीटर खाली आलेले. लावल्यावर तळहाताने थाप मारायची आणि लगेच खाली ओढून बघायचे. ज्यांच्या हाताला एवढा जोर नाही त्यांना ड्युटीसाठी एक काडतूस कमी भरू द्या. १६ काडतुसे आणि पक्के बसलेले मॅगझिन हे केव्हाही बरे.

नुसता 'टक्' आवाज आला आणि मॅगझिन पक्के असेल तर काडतूस काढून त्याचा प्रायमर बघा. सरावाच्या मैदानावर त्याआधी ३० सेकंद नळी टार्गेटकडे धरून थांबायचे, उशिरा पेट घेणारे काडतूस क्वचित का होईना असते. प्रायमरवर खोल खड्डा आहे तर दोष काडतुसाचा. खड्डा उथळ आहे तर सुईचा (स्ट्रायकरचा) जोर कमी पडला. ग्लॉकच्या सुईचा ठसा गोल नसून लांबट असतो, तो दोष समजू नका. जोर कमी पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सुईच्या पोकळीत गेलेले तेल. उत्साही शिपाई स्लाइड उलटी धरून सुईच्या भोकात तेल सोडतो. ते काजळी आणि पितळेच्या कणांबरोबर मळासारखे घट्ट होते आणि थंडीत तर आणखीच. ही पोकळी पूर्ण कोरडी हवी. तिची सफाई शिपायाचे काम नाही, आर्मररचे (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे) आहे.

स्लाइड पूर्ण बंद न होता दोन-तीन मिलिमीटर उघडी राहिली तर तीन संशयित: चेंबरमधली घाण, थकलेली रिकॉइल स्प्रिंग आणि वेडेवाकडे काडतूस. स्प्रिंगची चाचणी सोपी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हीने खात्री करा. मॅगझिन काढलेले असू द्या. नळी सुरक्षित दिशेला, ४५ अंश वर धरून ट्रिगर दाबून धरा, स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि हाताने हळूहळू पुढे येऊ द्या. ती आपल्या बळावर शेवटपर्यंत बंद झाली पाहिजे. मध्येच लटकली तर स्प्रिंग बदला. मॉडेलनुसार ३,००० ते ५,००० गोळ्यांनंतर ती तशीही बदलतात. किंमत पिस्तुलाच्या मानाने नगण्य असते, आणि वेळेवर न बदलल्यास स्लाइडचे घाव फ्रेमवर बसू लागतात.

काडतुसासाठी नळीच वापरा. पिस्तूल उघडून नळी वेगळी काढा, चेंबर वर करून धरा आणि काडतूस वरून सोडा. 'टक' करून बसले पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडले पाहिजे. ९×१९ चे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकते, त्यामुळे ती कड वाकलेली किंवा फुगलेली असली की स्लाइड बंद होत नाही. ड्युटीची काडतुसे शिपायाला देण्याआधी अशी तपासायला अर्धा तास पुरतो.

पोलिसांच्या काडतुसांना एक खास रोग असतो, तो सरावातल्या नेमबाजांना सहसा होत नाही. ड्युटी संपली की शिपाई चेंबर खाली करतो, दुसऱ्या दिवशी भरतो, आणि बाहेर आलेले काडतूस पुन्हा मॅगझिनच्या वर ठेवतो. म्हणजे रोज तेच काडतूस उतारावर आपटते. महिन्याभरात त्याची गोळी पुंगळीत आत रुतू लागते. या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी, कारखान्यातून ते याहून थोडे कमी लांबीचेच येते. पण त्याच खोक्यातल्या ताज्या काडतुसाशेजारी उभे केल्यावर डोळ्यांनाही फरक दिसत असेल तर ते झाडायचे नाही. आतली जागा कमी झाल्याने दाब झपाट्याने चढतो, कारण पिस्तुलातली पावडर मुळातच जलद जळणारी असते. शिवाय वारंवार आपटल्याने प्रायमरमधले मिश्रण सैल होऊन काडतूस मुके होण्याचाही धोका आहे. उपाय म्हणजे चेंबरमधून बाहेर आलेल्या काडतुसाच्या बुडावर मार्करने एक रेघ ओढायची आणि ते मॅगझिनच्या तळाशी घालायचे. दुसरी रेघ ओढायची वेळ आली की ते ड्युटीतून काढायचे, लांबी तपासायची, ठीक असेल तर सरावाला वापरायचे. त्याहून चांगले म्हणजे पिस्तूल कुलूपबंद पेटीत भरलेलेच ठेवण्याची परवानगी असेल तर रोज खाली करूच नये.

काडतूस सुटे हाताने चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड सोडण्याची सवयही मोडा. मॅगझिनमधून येताना कड एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली खालून सरकते. चेंबरमध्ये आधीच बसलेल्या काडतुसावर स्लाइड आपटली की नखाला कडेवरून उडी मारावी लागते. काही दिवसांनी त्याचा टवका उडतो. मग काय होते? पुंगळी चेंबरमध्येच राहते आणि मागून नवे काडतूस तिच्या बुडावर येऊन रुतते. हा सर्वांत वाईट प्रकार, कारण थाप मारून ओढल्याने तो सुटत नाही. स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन जोर लावून उपसून काढा, स्लाइड तीन वेळा ओढून चेंबर मोकळे करा, नवे मॅगझिन लावा, पुन्हा ओढा. हा क्रम अंधारात, हातमोजे घालून, डमी काडतुसांवर घोटून घेतला पाहिजे. टवका उडालेला नसेल तर नखाच्या खाचेत साचलेली काजळी टोकदार लाकडी काडीने काढून बघा. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

एका आवाजाला मात्र कधीही थाप मारून ओढायचे नाही. नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्' किंवा दबका 'टप' असा आवाज आला आणि हाताला झटका बसला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यामागे दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. मैदानावर असा आवाज आला की शेजारच्यानेही 'थांब' म्हणून ओरडायचे. पिस्तूल खाली करायचे, उघडायचे, नळी वेगळी काढून चेंबरकडून आरपार उजेड बघायचा.

तेलाबद्दल थोडक्यात: जास्त तेल हाच नेहमीचा गुन्हा. ग्लॉकच्या प्रकारात एकूण पाच-सहा थेंब पुरतात. नळीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे ती स्लाइडवर घासून चकाकलेली दिसते तिथे एक थेंब पसरून. स्लाइडच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत एकेक. आणि फ्रेममध्ये उजवीकडे मागे, जिथे ट्रिगर बार (ट्रिगरपासून मागे जाणारी पट्टी) कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्याला टेकतो तिथे एक. हा शेवटचा थेंब लोक विसरतात आणि मग ट्रिगर खरखरीत झाला म्हणून तक्रार करतात. नळीचे आतले तोंड, चेंबर आणि स्लाइडचा काडतुसाला टेकणारा चेहरा कोरडा. धुळीच्या प्रदेशात तर खाचांतलेही तेल पुसून नुसता ओलावा ठेवा. नव्या ग्लॉकच्या स्लाइडमध्ये तांबूस रंगाचे वंगण लावलेले येते. घाण समजून ते पहिल्याच दिवशी धुऊन काढू नका, सुरुवातीच्या काळात भाग एकमेकांत रुळायला ते मदत करते. ब्रश चेंबरकडून घालायचा, पूर्ण बाहेर काढायचा, मगच परत ओढायचा. नळीच्या मध्ये दिशा बदलली तर ब्रशचे केस मोडतात.

पिस्तुलाला टॉर्च लावल्यावर अडचण सुरू झाली असेल तर तेही नोंदवा. पुढे टांगलेल्या वजनाने पॉलिमर फ्रेमची लवचीकता बदलते, स्लाइडचा वेग बदलतो आणि कमजोर स्प्रिंगचे मॅगझिन तिच्याबरोबर टिकत नाही. .४० कॅलिबरच्या (९ मिमीहून जाड गोळीच्या) पिस्तुलांत हा त्रास जास्त गाजला, ९ मिमीत कमी दिसतो.

काडतुसांचा प्रकार बदलला असेल तर ड्युटीच्या गोळ्या प्रत्येक पिस्तुलातून निदान २०० झाडल्याशिवाय विश्वास ठेवू नका. हे खर्चिक आहे, मान्य. पण ८ ग्रॅमच्या गोळीवर रुळलेले पिस्तूल साडेसात ग्रॅमच्या, कमी दाबाच्या सरावाच्या काडतुसावर आळसावते, आणि पोकळ नाकाची गोळी उतारावर वेगळ्या तऱ्हेने वागते. सरावात अडकते म्हणून ड्युटीतही अडकेल असे नाही. उलटेही खरे, आणि ते जास्त घातक.

आता ट्रिगर. पोलिसांच्या पिस्तुलात सुरक्षिततेचा आणि तयारीचा वाद जुना आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर पश्चिम जर्मनीने पोलिसांसाठी नव्या ९ मिमी पिस्तुलांची स्पर्धा घेतली, तेव्हा बाहेरून हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नको, काढले की झाडता आले पाहिजे, अशी अट होती. त्यातून सिग सॉअरचे पी ६, वॉल्थरचे पी ५ आणि हेकलर अँड कोखचे पी ७ मंजूर झाले. तिघांनी हा प्रश्न तीन तऱ्हांनी सोडवला. ग्लॉकने १९८० च्या दशकात ट्रिगरमधल्या जिभेसह तीन आपोआप चालणारे बंदोबस्त ठेवले आणि ट्रिगर सुमारे अडीच किलोवर ठेवला. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुले घेताना रिव्हॉल्व्हरची सवय डोळ्यांसमोर ठेवून ट्रिगर १२ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंचा मागवला. एवढा जड ट्रिगर ओढताना नळी हलते, आणि कमी सराव असलेल्या माणसाची जास्त हलते. ज्यांची पकड आधीच सैल आहे त्यांच्या हातात तो देणे म्हणजे एक दोष झाकायला दुसरा आणणे.

कारण खाली करताना सुटणाऱ्या गोळीला ट्रिगरचे वजन थांबवत नाही. तिथे माणूस जाणूनबुजून ट्रिगर दाबत असतो. पिस्तूल रिकामे आहे असे त्याला वाटत असते. चूक क्रमाची आहे. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले तर काय होते ते बघा: ओढल्यावर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते, ते डोळ्यांना दिसते, मनाची खात्री पटते. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधून दुसरे आत घेऊन जाते. मग मॅगझिन काढले तरी चेंबर भरलेलेच. ग्लॉकसारख्या पिस्तुलात सुटे करण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो, आणि गोळी तिथे सुटते. म्हणून आधी मॅगझिन, ते हातातून खिशात किंवा टेबलावर, मग स्लाइड मागे ओढून अडकवणे, चेंबरमध्ये बघणे, करंगळीने चाचपणे, नजर दुसरीकडे वळवून पुन्हा एकदा बघणे, आणि वाळूने भरलेल्या पिंपात नळी धरून मगच ट्रिगर. सिग पी ३२० सारख्या काही मॉडेलांत ट्रिगर न दाबता पिस्तूल उघडते. पुढची खरेदी तुमच्या हातात असेल तर ही सोय जड ट्रिगरपेक्षा जास्त कामाची.

होल्स्टरमध्ये परत ठेवताना सुटणारी गोळी हा वेगळा प्रकार. तिथे जॅकेटची दोरी, शर्टाचा पदर किंवा मऊ पडलेल्या होल्स्टरची दुमडलेली कड ट्रिगर गार्डमध्ये शिरते. काढताना घाई चालेल, ठेवताना घाईचे काही कारण नसते. होल्स्टरचे तोंड बघून ठेवायचे, आणि आतली कड मऊ पडलेले होल्स्टर फेकून द्यायचे.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत. हात बदलून, मॅगझिन बदलून, ताजी काडतुसे घालून, चेंबर घासून, रिकॉइल स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर नवे लावूनही एखादे पिस्तूल तिसऱ्यांदा त्याच पायरीवर अडकले, तर आणि तरच ते पिस्तूल आजारी आहे. मग भिंगाखाली तीन जागा बघा: स्लाइडच्या खिडकीचे पुढचे कोपरे, फ्रेममध्ये बसवलेल्या पोलादी पट्ट्या आणि लॉकिंग ब्लॉकभोवतीच्या (नळीचे कुलूप सोडवणाऱ्या ठोकळ्याभोवतीच्या) पिनांची भोके. केसाएवढी चीर दिसली, पट्टी हलली किंवा पिन हाताने सरकली तर नग क्रमांक लिहून, चिठ्ठी बांधून ते कारखान्याकडे पाठवायला वेगळे ठेवा. त्याची मॅगझिने मात्र सोबत पाठवून देऊ नका. ती तपासणीत उतरली असतील तर त्यांचे क्रमांक दुसऱ्या पिस्तुलाच्या खात्यावर चढवा.